वहिनीच्या बोटावरचा मध

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. चूक माझी होती. खापर वहिनीच्या माथी फुटलं — आणि मी बघत राहिलो.

आमच्या मोहाडीकडे बाळाला पहिला मध कोणी चाटवायचं, हे आधीच ठरतं. ज्याच्या बोटाचा मध, त्याचा स्वभाव लागतो म्हणतात. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी सगळ्यांनी वहिनीचं नाव घेतलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण घरात तिच्याइतकं शांत माणूस दुसरं नव्हतं.

आणि मला काय माहीत होतं? — सगळं. भंडाऱ्याला सोनोग्राफीत गर्भाभोवतीचं पाणी फार वाढलेलं दिसलं, बाळाचं जठर दिसेना. माझी बायको सुनंदा बाहेर बाकावर होती. डॉक्टर मला म्हणाले, अन्ननलिका बंद असावी. बाळंतपण नागपूरला करा, लगेच ऑपरेशन केलं तर मुलं वाचतात. तोवर तोंडात थेंबही घालू नका.

बाहेर येऊन मी सुनंदाला म्हणालो, "सब ठीक आहे."

का? व्यंग असलेल्या मुलाचा बाप म्हणवून घ्यायची लाज! याहून मोठं कारण खूप शोधलं — नाही सापडलं.

बाळंतपण गावातच झालं. वहिनीनं मधाचं बोट पुढे केलं तेव्हा मी दारातच उभा होतो. एक शब्द पुरला असता — नाही बोललो. बाळ ठसकलं, निळं पडलं. नागपूरच्या वाटेतच गेलं.

"तुमच्याच हातानं गेलं माह्यं लेकरू!" सुनंदा वहिनीवर ओरडली. मी गप्प. गप्प तरी कुठे? — मी होकारार्थी मान हलवली. तीच मान आज मुरगळावीशी वाटते.

परवा भाचीचं बाळ घरी आलं. सुनंदाही तिथेच बसली होती. वहिनीनं घ्यायला हात पुढे केले, तर आत्या म्हणाली, "तू राहू दे वो. तुह्या हाताले यश नाही."

वहिनी हसली. कोरडेच हात तिनं पदराला पुसले.

"आत्या, बस!" मी ओरडलो.

"जाऊ द्या न भाऊजी," वहिनी म्हणाली, "कायले भांडून राहिले? झालं तर माह्याच हातानं."

तिलाही तेच खरं वाटत होतं — इतकी वर्षं!

"नाही वहिनी. त्याची अन्ननलिकाच बंद होती. काही चाटवू नका, नागपूरले न्या, असं डॉक्टरनं मले आधीच सांगितलं होतं. मी लपवलं. सुनंदा, तुह्यापासूनही लपवलं. लेकरू माह्यामुळं गेलं. तुम्हा दोघींचा गुन्हेगार आहे मी."