चिंचणीहून आलेला विषाणू

मी चीनला कधीही गेलेलो नाही. माझ्याकडे पासपोर्ट नाही, नूडल्स मला आवडत नाहीत आणि परमुलुखाचं म्हणाल तर जतच्या पलीकडं कर्नाटकात एकदा चुकून उतरलो होतो तेवढंच. तरीही एका रविवारी आमच्या गावानं मला चीनहून आलेला इसम म्हणून वेशीवर अडवलं, धुतलं आणि जनावरांच्या दवाखान्यात कोंडलं. (‘धुतलं’ हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतोय.)

तो विषाणू तेव्हा नुकताच देशात आला होता. टाळेबंदी अजून व्हायची होती, पण टीव्हीवर दिवसभर तोच काटेरी चेंडू गरगर फिरायचा. मी सांगलीत विश्रामबागेला एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. एरवी मला कोणी काही विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत इंजिनिअर लोकांना पाटावर आणि मला वाढप्यांत घेतात. पण त्या दिवसांत माझा भाव असा वधारला की बास! दूधवाला विचारतोय, इस्त्रीवाला विचारतोय, “सर, ह्ये नेमकं काय हाय वो?” आणि सर सांगतायत! मला स्वतःला जे माहीत होतं ते पाच मिनिटांत संपायचं. पुढचा अर्धा तास मी मोबाईलवर आलेलं सांगायचो.

आमचं गाव पलूस तालुक्यात. शनिवारी गावी गेलो की तिथंही तेच. शेवटी लोकांच्या आग्रहाखातर (आग्रह मीच धरला होता) मारुतीच्या देवळातला लाऊडस्पीकर लावून मी व्याख्यान दिलं. फळ्यावर खडूनं विषाणू काढला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, “आरं, ह्ये तर धोतऱ्याचं बोंड!” मी म्हटलं, “दिसायला तसंच, आज्जी.” दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं ओढ्याकाठचा धोतरा मुळासकट उपटून जाळला!

पण माझ्या व्याख्यानाचा खरा परिणाम पुढं व्हायचा होता. मी आवाज चढवून सांगितलं होतं, “बाहेरून आलेला माणूस खोकला, की त्याला वेगळं ठेवायचं! तो म्हणेल, मला काही झालेलं नाही. ऐकू नका! घरचे म्हणतील, तसं काही नाही. त्यांचंही ऐकू नका! माया आली की विषाणू आला!”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या पांडूतात्यांनी. तात्या आमचे शेजारी. गावात कुठलीही बातमी पहिल्यांदा आपल्याच तोंडून बाहेर पडावी, एवढीच त्यांची जगण्याची अपेक्षा.

पुढच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, रूपालीला, बघायला पाहुणे येणार होते. स्थळ साताऱ्याकडचं, कोरेगावजवळचं. मुलगा शेतकी अधिकारी, वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आईला स्थळ एवढं पसंत पडलं होतं की तिनं पाहुण्यांसाठी नवे कपबशांचे सेट आणले आणि आम्हाला त्यांच्याकडं बघायचीसुद्धा बंदी केली.

सकाळीच आई म्हणाली, “प्रशांत, चिंचणीला जाऊन ये. आत्यानं वर्षाची चटणी डंकावर कुटाय टाकलीया, ती घिऊन ये. पावण्यांच्या आमटीला ताजी चटणी पायजे.”

चिंचणी हे आत्याचं गाव, जवळच. आता डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, आणि मार्च म्हणजे आमच्याकडं चटणीचा हंगाम. आत जाऊन उभं राहायचं म्हणजे अश्रुधुराच्या नळकांड्यात बसण्यासारखं! आत्या निवांत बसली होती, कारण ती गेली चाळीस वर्षं हा वास घेतेय. मी उंबऱ्यातच खल्लास झालो. डोळ्यांतून धार, नाकातून धार, आणि खोकला असा की डंक चालवणाऱ्यानं यंत्र बंद करून विचारलं, “मास्तर, पानी आनू का?”

चटणीचा पत्र्याचा डबा मोटरसायकलला बांधून मी निघालो आणि आईला कळवावं म्हणून फोन लावला. आईचा फोन सोप्यात चार्जिंगला होता. तो उचलला सतरंज्या अंथरायला आलेल्या पांडूतात्यांनी.

“तात्या,” मी म्हणालो, “मी चिं... खॉक्! खॉक्!... वरनं निघालोय!”

“कुटनं?”

“चिं... खॉक्!... वरनं! नाकाडोळ्यांतनं पाणी थांबंना, श्वास घेता येईना. लय जहाल हाय यंदाचा माल! आईला सांगा, घिऊनच येतोय. सगळ्या गावाला वाटली तरी वर्षभर पुरंल!”

आणि फोन कट झाला.

तात्यांचा भूगोल थोडा कच्चा. माझं सांगलीत राहणं आणि चीनमध्ये राहणं, यात त्यांच्या लेखी फक्त एस.टी. बदलण्याचा फरक. ते तडक मारुतीच्या देवळात गेले आणि स्पीकर सुरू केला. “ऐका हो ऐका! आपलं मास्तर चीनवरनं निगाल्यात! त्यास्नी झालाय! आन् त्ये समद्या गावाला वाटाय लागल्यात!”

आई पुरण वाटता वाटता तशीच हाताला पुरण घेऊन बाहेर धावली. “आवं तात्या, चीन न्हवं, चिंचणी! मीच धाडलाय त्येला!”

“वयनी,” तात्या स्पीकरवरूनच म्हणाले, “तुमी आई हाय. तुमी आसंच म्हननार. मास्तरांनीच सांगिटलंय, माया आली की विषाणू आला!”

मी आपला गाणं गुणगुणत गावात येतोय, तर वेशीच्या कमानीत बैलगाडी आडवी लावलेली! मागं बाभळीच्या फांद्या, आणि त्यांच्यामागं अख्खं गाव. कुणी नाकाला उपरणं बांधलेलं, कुणी पदर, कुणी टॉवेल. एकानं तर चक्क बैलाचं मुसकं चढवलं होतं! मला वाटलं पाहुण्यांच्या स्वागताची तयारी. मी हात वर करून म्हणालो, “वा! जोरात हाय की!” आणि खोकलो.

गाव एका उडीत मागं सरकलं.

“तितंच थांबा!” तात्या ओरडले. “हालू नगा! फवारा रं!”

आमच्याकडं द्राक्षबागा. त्यामुळं फवारणीचा पंप घरटी एक. साबणाचं पाणी भरलेला पंप धडधडत पुढं आला आणि काही बोलायच्या आत माझ्यावर मुसळधार! बरं, त्या पंपात बागेवर मारलेलं निळं मोरचूद तळाला उरलेलं. त्यामुळं डोळे मिरचीनं लाल आणि बाकीचा मी निळसर, असा काहीतरी झालो. मागून कुणीतरी म्हणालं, “बगा, रंग बदलाय लागला!”

“आरं, मला काही झालेलं नाही!” मी किंचाळलो.

सगळ्यांनी एकमेकांकडं अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. पहिलं लक्षण जुळलं होतं!

रविवार असल्यानं कमानीजवळचा जनावरांचा दवाखाना रिकामा होता. लांब बांबूनं ढोसत ढोसत मला त्यात घातलं आणि बाहेरून कडी लावली. चटणीचा डबा मात्र कुणी शिवेना. तो मोटरसायकलवरच राहिला, चारी बाजूंनी चुन्याची रेघ मारून! भिंतीवर गायीच्या चार पोटांचं चित्र होतं. मी त्याखाली बसून विचार करू लागलो, की एवढ्या लोकांतून आपलं व्याख्यान एकानंही विसरू नये?

थोड्या वेळानं खिडकीशी आबा, माझे वडील, आले. मला हायसं वाटलं. आबा शांत माणूस, ते नक्की समजून घेतील. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “खरं सांग. गेलतास का?”

“कुठं?”

“चीनला.”

“आबा! काल रात्री तुमच्या शेजारच्या कॉटवर झोपलो होतो मी!”

आबांनी विचार केला. “मी झोपल्यावर तू काय केलंस, मला काय म्हाईत?”

आणि नेमक्या त्याच वेळी पाहुण्यांची जीप कमानीत येऊन थांबली! आतापर्यंत माझीच फजिती होती, चालून गेलं असतं. पण रूपालीचं स्थळ! जीपमधून पुढं उतरले ते सुभेदार. पिळदार मिशा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काठी. मागून त्यांच्या सौभाग्यवती आणि मुलगा.

“ये क्या है? रस्ता का बंद?” सुभेदारांनी विचारलं.

तात्यांची छाती फुगली. अशी बातमी द्यायची संधी जन्मात एकदाच येते. “आवं, आमच्या गावात घावलाय! जिल्ह्यातला पैला असंल! थेट चीनवरनं!”

“कोण?”

“नवरीचा सख्खा भाऊ!”

मी खिडकीचे गज धरून ओरडलो, “पाहुणं, चिंचणी! चिं... खॉक्! खॉक्! खॉक्!”

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. निळा चेहरा, लाल डोळे, वर दवाखान्याची पाटी, “येथे जनावरांवर उपचार केले जातात”. ते दोन पावलं मागं आले आणि शांतपणे म्हणाले, “गाडी फिरवा.”

आईनं पुरणाचा हात कपाळाला लावला. आबा “आवं पावणं, च्या तरी...” म्हणत पुढं झाले, तर जीपची काच वर! मुलगा काहीतरी बोलू पाहत होता, पण सुभेदारांपुढं त्याचं काही चालेना. मला गजावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. (आपटलंसुद्धा. गज हलले नाहीत.)

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रूपाली आली. नेसलेली नारायणपेठी, केसांत गजरा, आणि पदर खोचलेला! ती वाद घालायला थांबलीच नाही. सरळ मोटरसायकलपाशी गेली, चुन्याची रेघ ओलांडली, डब्याची दोरी तोडली आणि डबा उचलून कमानीत मधोमध आणून ठेवला.

“रूपे, शिवू नगंस!” तात्या ओरडले.

“तात्या, ह्येच म्हणता न्हवं, दादानं आणलाय म्हणून?” ती म्हणाली. “मग बगा तरी डोळं भरून!” आणि तिनं झाकण काढलं.

त्या वेळी नेमकी वाऱ्याची एक झुळूक आली. देवाची करणी!

आधी तात्या शिंकले. मग बैलगाडीवरचा. मग सगळी पहिली रांग. मग मुसकंवाला, आणि मुसक्यात शिंक अडकल्यानं त्याचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. फवारणीवाल्यानं पंप टाकून डोळे धरले. बायका पदरात खोकतायत, पोरं नाचतायत, बैल फुरफुरतायत! जीपची काच खाली आली आणि आतून सुभेदारांचा असा खोकला ऐकू आला की सरहद्दीपलीकडं तोफेचा आवाज समजले असते!

रूपालीनं झाकण लावलं. डोळे पुसत, पण ठसक्यात म्हणाली, “चिंचणीची चटणी हाय ही. आता सांगा तात्या, कुनाकुनाला कोंडायचं? समद्या गावाला? पावण्यांसकट?”

गावाकडनं उत्तरादाखल शिंका तेवढ्या आल्या.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताई, म्हणजे सुनीतावहिनी, सकाळपासून दुसऱ्या वाडीला गेल्या होत्या. त्याही त्याच वेळी पोहोचल्या. त्यांनी मला बाहेर काढून ताप मोजला. ताप नव्हता. मग तात्यांचा मोजला, तर तो थोडा होता! तात्या तिथल्या तिथं बैलगाडीला टेकले. “वयनी, मी खरंच कुटं ग्येलतो न्हाई वो!”

“उनात उबं ऱ्हाऊन वरडल्यावर आनि काय हुनार? घरी जावा, पानी प्या,” सुनीतावहिनी म्हणाल्या.

सुभेदार जीपमधून उतरले. मिशांना पाणी लागलेलं. रूपालीकडं त्यांनी नीट पाहिलं, मग डब्याकडं, मग बायकोकडं. बायको म्हणाली, “आवं, कांदा-लसणाचा वास कसला आलाय! आमच्याकडं असली मिळत न्हाई.” मुलगा तर केव्हाचा हसत होता. शेवटी सुभेदारांनी बैलगाडी बाजूला घ्यायला लावली, तीही “दाहिने से उठाव!” असा हुकूम देत, आणि पाहुणे आमच्या सोप्यात येऊन बसले.

मी तोंड धुऊन आलो. मोरचूद काही जाईना. सुभेदारांनी विचारलं, “आपण काय करता?”

“जीवशास्त्र शिकवतो.”

त्यांनी माझा निळा चेहरा पुन्हा एकदा न्याहाळला. मग आबांच्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणाले, “असू द्या. आम्हाला मुलगी पसंत आहे.”

पुढं टाळेबंदी लागली, लग्न लांबलं आणि शेवटी मोजक्या माणसांत, वऱ्हाड-वाजंत्री काही न करता, आमच्याच अंगणात करायचं ठरलं. परवानगीपेक्षा एक माणूस जास्त होत होता. सुभेदारांनी आबांना फोन केला, “तुमच्याकडचा एक कमी करावा लागेल.” आमच्या घरात लोणचं कधी घालायचं यावरही आजवर एकमत झालेलं नाही. त्या दिवशी मात्र सगळे एका सुरात बोलले!

मी बहिणीचं लग्न विश्रामबागेतल्या खोलीत बसून मोबाईलवर बघितलं. मंगलाष्टका सुरू झाल्या. माझं मन भरून आलं, पण लक्ष गेलं भटजींच्या मास्ककडं. तो हनुवटीवर! मला राहवेना. मी इकडून ओरडलो, “भटजी, नाकावर घ्या! आबा, अंतर ठेवा! आणि एक लक्षात घ्या, हा विषाणू मुळात...”

नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या, अंतरपाटाखालून मेंदीचा हात समोरच्या मोबाईलकडं लांब केला आणि मला म्यूट केलं.