सुभेदारांचा खोकला

धारच्या पलटणीत मी अधिकारी झालो तो वडिलांच्या वशिल्याने. माझं स्वतःचं कर्तृत्व म्हणाल तर मिशांना पीळ देण्यापलीकडे काही नव्हतं. वय एकोणीस. हाताखालच्या सुभेदारांची नोकरीच तीस वर्षांची. पहिल्या दिवशी त्यांनी मला सलाम ठोकला तेव्हा मी ओशाळलो, आणि ते लपवायला उगाच त्यांच्यावर डाफरलो.

कवाइतीचे इंग्रजी हुकूम मला पाठ होते, पण पलटण चालू लागली की माझी दातखीळ बसायची. तिसऱ्याच दिवशी सगळी रांग तळ्याकडे निघाली आणि मला 'हॉल्ट' आठवेना. पुढचे शिपाई चिखलात उतरले. कुणीही हसलं नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

कवाईत सुटल्यावर सुभेदार माझ्याकडे आले. "सरकार, फिकीर करू नका. मी मागेच असतो. एकदा खोकलो की थांबवायचं, दोनदा खोकलो की वळवायचं. शिपाई काय, म्हणतील, बुढ्ढा खोकतोय."



त्या खोकल्यावर मी वर्षभर रुबाब केला. दरबारात माझ्या खणखणीत हुकमांची तारीफ झाली, आणि मी ती निर्लज्जपणे ऐकून घेतली. दोघंच असलो की मी त्यांना काका म्हणायचो. शिपायाच्या चेहऱ्यावरून त्याच्या घरचं दुखणं कसं ओळखायचं, ते मला त्यांनी शिकवलं. चारचौघांत मात्र मी त्यांना तुटकपणे 'सुभेदार' अशी हाक मारायचो.

मग तपासणीला गोरा साहेब आला. कवाईत बिनचूक झाली. साहेब सुभेदारांसमोर थांबला आणि मला म्हणाला, "हा माणूस सारखा खोकत होता. आजारी आहे का?"

खरं सांगितलं असतं तर माझी फजिती झाली असती, बस. सुभेदार समोर पाहत ताठ उभे होते. मी म्हणालो, "होय साहेब. बरेच दिवस खोकतात."

साहेबाला क्षयाची धास्ती. असला माणूस बराकीत नको, असा त्याने तिथेच हुकूम दिला. आठवड्याच्या आत सुभेदारांचं नाव पटावरून कमी झालं. पलटण हेच ज्यांचं घर, त्यांना मी बाहेर काढलं होतं. पट्टा जमा करताना ते एवढंच म्हणाले, "सरकार, हुकूम पोटातून काढा, घशातून नको."

दोन महिन्यांनी मी धरमपुरीला त्यांच्या घरी गेलो. सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं ठरवूनच गेलो होतो. ओट्यावर चार शेजारी जमले. सुभेदारांचा मुलगा कौतुकाने सांगू लागला, "साहेब, तुम्ही तर बाबांना छोडायलाच तयार नव्हते म्हणे! पण तेच जिद्दीने कायमची रजा घेऊन आले."

सुभेदार खाली बघत सुपारी कातरत होते.

"नाही," मी म्हणालो, "ऐका. चूक माझी आहे. त्या दिवशी मी साहेबाला—"

सुभेदार एकदा खोकले.

मी सवयीने थांबलो. सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "अगं बाई, गावी आल्यापासून आज पहिल्यांदाच खोकला आला बाबांना!"

मी पुढे बोललो नाही. त्यांनी थांबवलं म्हणून थांबलो, असं मी पुष्कळांना सांगू शकेन. पण त्या खोकल्याने मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते काकांनी पाहिलं.