नितळ पाण्याची किळस

नाना गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी सुरतेजवळ इच्छापोरच्या एका डाइंग मिलमध्ये सांडपाण्याच्या टाकीवर उभा होतो. भेस्तानला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बेसणं, म्हणजे शोकसभा झाली. नानांच्या फोटोपुढे आम्ही पांढऱ्या कपड्यांत बसलो होतो आणि आमच्या कंपनीचे शेठ माइकवर सांगत होते, "पहाडमां एमनो प्लान्ट आजे पण एनी मेळे चाले छे." डोंगरातला नानांचा प्रकल्प आजही आपोआप चालतो म्हणे. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली... आणि मला स्वतःची शिसारी आली.

नाना माझे नात्यातले नव्हेत. आम्ही दोघं खानदेशातले, मिलांचं रंगीत पाणी साफ करणाऱ्या एकाच कंपनीत. ते वयानं आणि हुद्द्यानं मोठे. कंपनीला परराज्यातल्या एका बंद खाणीचं काम मिळालं होतं. तिच्या तोंडातून आंबट, लोखंड विरघळलेलं पाणी झिरपायचं आणि खालच्या गावाच्या ओढ्यात जायचं. तिथे ना वीज, ना धड रस्ता. म्हणून नानांनी पंपाशिवाय, औषधांशिवाय चालेल अशी रचना केली. उतारावर चुनखडीनं भरलेला चर, त्याखाली शेणखत आणि भुशाचं तळं, मग पाणकणसांची उथळ तळी. पाणी आपल्या उतारानं वाहणार, चुनखडी आंबटपणा मारणार, लोखंड तळाशी बसणार. मात्र दरवर्षी पावसाळा सरला की कोणीतरी जाऊन चरातला गाळ सोडायचा आणि दगड धुवायचे, हे नाना बजावून सांगत.

पहिल्या वर्षी पाहणीला मी गेलो. आमच्या धंद्यात पाणी डोळ्यांनी जोखतात. रंग गेला की पाणी पास. शेवटच्या तळ्यातून पाणी काचेसारखं नितळ येत होतं. खाली उतरून रेंज मिळताच मी शेठना कळवलं, उत्तम चाललंय, कोणी यायची गरज नाही. नानांनी एवढंच विचारलं, "नितळ शे म्हनीसन चांगलं शे का रे?" नितळ आहे म्हणून चांगलं आहे का? विरघळलेल्या लोखंडाला रंग नसतो, तो हवा लागल्यावर सावकाश फुटतो, हे मी शिकलो होतो आणि पाणी नितळ दिसताच विसरलो होतो. दगडांवर गंजाची साल चढली होती. पाणी नुसतं वरून घरंगळत होतं, तसंच आंबट, आणि त्याचा रंग फुटत होता खाली, गावाच्या ओढ्यात.

मग आम्ही दोघं गेलो. ओढ्याच्या दगडांवर नारिंगी शेवाळासारखा बुळबुळीत थर होता, म्हशींचे पाय त्यानं माखलेले. एक बाई हंडा घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "साहब, मुँह तो धो लो इसमें." नाना वाकले आणि त्यांनी खरंच तोंड धुतलं. त्यांचे डोळे सुरतेपर्यंत लाल होते. मी जीपमागे जाऊन बाटलीच्या पाण्यानं हात धूत होतो... तिनं ते पाहिलं.

शेठ तोवर "आपोआप" हा शब्द दुसऱ्या खाणवाल्यांनाही विकून बसले होते. माणसं पाठवायची म्हणजे तो शब्द खोटा पडणार. म्हणून नाना स्वतःची रजा टाकून जात, गावकऱ्यांना घेऊन दगड घासत. मला दरवर्षी विचारत, मला दरवर्षी काही ना काही अडचण असे. दवाखान्यात शेवटचं विचारलं, "औंदा तू जाशी का?" आजारी माणसाला म्हणतात तसं मी हो म्हणालो.

म्हणून हे इथे लिहितो. तो प्रकल्प आपोआप चालत नाही. दगड धुतले नाहीत, तर या वर्षीही त्या ओढ्यात आंबट पाणीच जाईल. पाऊस सरला की मी जाणार आहे, रजा मिळो न मिळो.

दिवस झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचा एक ग्लास होता. कुठलंही पाणी नाना असं उघडं ठेवत आणि दोन-चार दिवस त्याच्याबद्दल काही बोलत नसत. हे ओढ्याच्या वरचं, तळ्यातून नितळ निघालेलं, त्यांनी शेवटच्या खेपेला दगड घासण्याआधी बाटलीत भरून आणलेलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घासला नाही अजून. त्यांचं बघून झालं नव्हतं." तळाशी बोटभर तांबडा गाळ होता.

तो ग्लास मी वहिनींकडून मागून आणला. आता तो ऑफिसात माझ्या टेबलावर आहे. काल शेठ थांबले, नाक मुरडून म्हणाले, "आ शुं, चा छे?"

"नानांचं पाणी," मी म्हणालो.

त्यांनी ग्लास उचलायला शिपायाला हाक मारली. मी त्यावर हात ठेवला.