बळीरामकाकांची मूठ

"सोड! अरे सोड म्हनतो ना तो दांडा!"

बळीरामकाका रोडपालीच्या आपल्या व्यायामशाळेत ओरडले तेव्हा उरणच्या खाडीत दोन होड्या दिशा चुकल्या, हे मी आजही शपथेवर सांगतो. दांडा माझ्या हातात, दोन्ही टोकांना माझ्या औकातीबाहेरची वजनं, आणि कोपरापासून मनगटापर्यंत अशी कळ गेलेली की बोटं उघडेनात. काकांनी येऊन एकेक बोट सोडवलं, वजन खाली ठेवलं आणि म्हणाले, "दांडा हाय तो, कोंबडी नाय. पलून जानार नाय. एवढी मूठ कशाला आवलतोस?"

दाराशी काकू सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आनखी एक गेला."

काकांचं सगळं घराणं मिठागरातलं. मिठागरं भरावाखाली गेली, वर इमारती आल्या, आणि त्यातल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर काकांनी व्यायामशाळा काढली. मीठ संपलं, पण घाम तेवढाच खारट आहे, असं ते सांगायचे. वय साठीच्या पुढे. पण माणूस एका जागी उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता. बँकेच्या रांगेत ते बैठका काढायचे. लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत टाचा वर-खाली चालायच्या. व्यायामशाळेतल्या लाद्यांवर त्यांच्या येरझाऱ्यांनी एवढी खोल चर पडली होती की पावसाळ्यात तिच्यात मासे सापडायचे. बरं, मासे नाही, पण पाणी साचायचं, हे नक्की.

माझ्या हातावर त्यांनी निवाडा दिला: तीन आठवडे दांड्याला शिवायचं नाही. ओला टॉवेल पिळायचा नाही. भरलेली बादली उचलायची नाही. मनगट सरळ, मूठ सैल, आणि कळ थांबल्यावर एक किलोपासून सुरुवात, तेही वजन खाली आणताना सावकाश. "वर नेताना समदेच पैलवान," ते म्हणायचे, "खाली आनताना मानूस कळतो."

मला घरी बसवेना. नवीन पनवेलहून एका हातानं रिक्षाचा दांडा धरून रोज रोडपाली गाठायचो आणि काकांच्या मागे त्या चरीतून फिरायचो. म्हणूनच दिसलं. काका चहा डाव्या हातानं पीत होते. शटर पायाच्या पंजानं उचलत होते. शिकवताना उजवा हात पाठीमागे, जसा काही तिथे लाडू लपवलाय.

"काका, हात दुखतोय का?"

"डावा आलशी हाय. त्याला कामाला लावलाय."

मी सरळ माणूस नाही. माझ्या फिजिओथेरपिस्टकडे मला एकट्याला भीती वाटते, असं सांगून काकांना सोबत नेलं. त्या डॉक्टर मुलीला आधी सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं माझी फाइल काकांपुढे धरली. "काका, जरा धरता? उजव्या हातात."

फाइल पडली. चार कागदांची फाइल. काका तिच्याकडे असे बघत राहिले जणू ती दुसऱ्या कोणाच्या हातातून पडली.

मुलीनं कोपराजवळ बोट दाबलं आणि काकांचा चेहरा पांढरा पडला. "हे आजचं नाही," ती म्हणाली. "किती महिने लपवलंत? सहा आठवडे काही उचलायचं नाही. आता ताण दिलात तर चमचाही धरता येणार नाही."

"फाइल नाय उचलायची मला," काका म्हणाले. "गोनी उचलायची हाय. पंधरा दिवसांनी."

ती गोणी मला ठाऊक होती. दर हनुमान जयंतीला काका मिठाची भरलेली गोणी एकट्यानं उचलून छातीशी धरायचे आणि देवळाला एक फेरी घालायचे. मिठागराचं तेवढंच शिल्लक होतं. येताना रिक्षात ते पहिल्यांदाच हळू बोलले. "गोनी नाय फिरली ना, तर लोक बोलतील, बलीराम संपला. आनि आमी मिठागरवाले होतो, हे पन मंग कोन बोलनार?"

ते पंधरा दिवस अख्ख्या रोडपालीनं सोसले. हात बांधलेला, म्हणून काकांचे पाय सुटले. सकाळी कळंबोलीला, दुपारी खाडीकडे, संध्याकाळी व्यायामशाळेत चर आणखी खोल.

हनुमान जयंतीला देवळापुढे गोणी ठेवली होती. काकांनी हाताचा पट्टा सोडून खिशात घातला, वाकले, गोणीला मिठी मारली. गुडघ्यापर्यंत आली. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, आणि गोणी धप्पकन खाली बसली. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. काका पुन्हा वाकले. कपाळावरची शीर दोरीएवढी झालेली.

"सोडा, काका! सोडा म्हणतो ना!"

हा आवाज माझा होता. काकांवर आजवर कोणी ओरडलं नव्हतं. ते तसेच थांबले, ओणवे, हात गोणीवर.

काकू पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा काढला, पिळून त्याची गोल चुंबळ केली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"मिठागरात गोनी कवा कोनी एकट्यानं उचलली?" त्या म्हणाल्या. "दोघं उचलून देत, तिसरा डोक्यावर घेई. तुमच्या बापाच्या डोक्यावर मीच देत होते ना, लग्न होऊन आले तवा."

काका खाली बसले आणि मान ताठ केली. गोणीला दोघे पुरले असते, पण त्यातला एक मी, तोही एकाच हाताचा, म्हणून चौघे लागले. गोणी डोक्यावर बसली, काका सावकाश उठले आणि चालू लागले. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, मुठी उघड्या. एवढं हळू चालताना त्यांना रोडपालीनं कधी पाहिलं नव्हतं. एरवी मिनिटाची फेरी, त्या दिवशी, माझ्या हिशेबानं, सूर्य हातभर वर आला.

मी काकूंच्या शेजारी उभा होतो. म्हटलं, "काकू, गोणी एकट्यानं उचलायची नसते, हे एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं. सांगितलं का नाही त्यांना?"

काकूंनी पदराला लागलेलं मीठ झटकलं.

"सांगनार कवा? ते थांबले कवा?"