कुंपणाला डायरेक्ट दिलं तर?

बुधवार पेठेत आमचं झटका मशीनचं दुकान आहे. गुरं आत राहावीत, डुकरं बाहेर राहावीत म्हणून शेताभोवती तार लावतात, तिला जोडायचं हे मशीन. मी काउंटर सांभाळते, माझा भाऊ सुधीर फिटिंगला जातो. बाकीच्या दुकानांत जुना माल साठतो, आमच्याकडे किस्से साठतात. पूर्वी जेवताना ते सांगून हसायचो. हल्ली मी सुरुवात केली की सुधीर म्हणतो, "जेवू दे."

नियम तसा साधा. मशीन तारेत क्षणभर झटका सोडतं आणि थांबतं, जनावर दचकून मागे होतं. घरातली लाईट थेट तारेत सोडली तर मात्र तार जनावराला सोडत नाही, माणसालाही नाही. तो गुन्हा आहे. शिवाय अर्थिंग नीट हवं, धोक्याचा बोर्ड हवा. एवढं सुधीर सांगतो, मग पुन्हा मी सांगते. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पायरी उतरताना विचारतं, "पण डायरेक्ट दिलं तर?"

"तर आत जाल."

"कोणी तक्रार केली तरच ना?"

* * *

पानशेतच्या बाजूला फार्महाऊस असलेले आयटीतले एक साहेब. सुधीर गेला तर धोक्याचे सगळे बोर्ड आतल्या बाजूला, बंगल्याकडे तोंड करून!

"अहो, हे बाहेरच्यांसाठी असतात."

"बाहेरून व्ह्यू जातो. आणि म्हशींना कुठे वाचता येतं?"

"म्हशींमागे माणूस असतो."

"त्याला येतं?"

सुधीरने बोर्ड फिरवून बाहेरच्या बाजूला तोंड करून लावले. पुढच्या महिन्यात त्यांनी घरच्या पार्टीचे फोटो पाठवले, त्यात मागे बोर्ड पुन्हा स्पष्ट वाचता येत होते.

* * *

एका बाईंचं मशीन अजिबात चालेना. अर्थिंगचा रॉड जमिनीत खोल ठोकायचा असतो. बाईंच्या अंगणात नवी फरशी, म्हणून त्यांनी तो मनीप्लँटच्या कुंडीत रोवला होता. रोज न चुकता पाणी घालत होत्या, कारण रॉडभोवतीची माती ओली ठेवा असं सुधीरनेच सांगितलं होतं.

"सांगितलं तेवढं सगळं केलं की हो," बाई म्हणाल्या. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?

* * *

सिंहगड रोडचे एक निवृत्त अधिकारी. त्यांचा फोन आला, "तुमचं मशीन कमजोर झालंय."

"कशावरून?"

"आमचा वॉचमन रोज सकाळी तारेला हात लावून बघतो. पहिल्या आठवड्यात ओरडायचा. आता ओरडत नाही."

सुधीर धावत गेला. मशीन ठणठणीत होतं. वॉचमनला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "ओरडलं की साहेब म्हणतात, नाटकं करतो. म्हणून गप्प बसतो."

सुधीरने साहेबांना म्हटलं, आपण स्वतः एकदा हात लावून बघा. साहेब म्हणाले, "मला बीपी आहे." तो किस्सा मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा लोक खूप हसले होते. मीही हसले होते, याचं आता वाईट वाटतं.

* * *

सोपानअण्णा हे आमचं एकमेव शहाणं गिऱ्हाईक. धायरीच्या टोकाला त्यांचा गोठा, बाजूला थोडी पड जमीन. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या, तशी म्हशी रस्त्यावर येतात म्हणून तक्रारी सुरू झाल्या. अण्णांना कुंपण नियमाने करायचं होतं. गुरांच्या कुंपणाचा नियम काय, हे कोणी विचारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सुधीर त्यांना घेऊन एका ऑफिसात गेला. तिथे कळलं, गाव आता शहरात आलंय, शहराच्या ऑफिसात विचारा. शहराच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "आमच्याकडे कंपाउंड वॉलचा नियम आहे. शहरात गुरांच्या कुंपणाचा प्रश्न येत नाही."

"पण गुरं आहेत," सुधीर म्हणाला.

"ती नसायला हवीत."

बाहेर येऊन अण्णा पायरीवर टेकले. मग म्हणाले, "म्हंजी आमी हाय, पर न्हाय."

शेवटी सुधीरने माहिती होतं तेवढं सगळं नियमाने लावून दिलं. अण्णांनी बोर्ड दर चार खांबांना लावला. त्यांची चंद्री म्हैस पहिल्याच दिवशी धडा शिकली. तारेला नाक टेकवायची, झटका बसला की मागे सरायची. अण्णा कौतुकाने सांगायचे, "माझी चंद्री शाणी हाय."

खरं सांगते, त्या वर्षी आम्हाला वाटलं होतं की निदान एकाच्या तरी गळी उतरलं. कोणाचा जीव जाऊ नये, एवढ्यासाठीच तर रोज घसा कोरडा करतो.

* * *

मध्यंतरी अण्णा दुकानात आले. फडक्यात गुंडाळलेलं मशीन काउंटरवर ठेवलं. पुसून अगदी स्वच्छ केलेलं होतं.

"बिघडलं का?" मी विचारलं.

"न्हाय ताई. चंद्री गेली."

त्यांच्या शेजारच्या प्लॉटवाल्याने आंब्याची रोपं लावली होती. भोवती तार ओढून त्याने घरातली लाईट थेट सोडली. संध्याकाळी रस्त्याने परतताना चंद्री त्या तारेपाशी थांबली.

"नाक लावलं तिनं," अण्णा म्हणाले. "तुमच्या तारेची सवय. नाक लावायचं अन् मागं यायचं. त्या तारेनं मागं येऊच दिलं न्हाय."

सुधीर खुर्चीतून उठला. म्हणाला, "आत्ता चौकीत जाऊ. मी साक्ष देतो. सोडायचं नाही त्याला."

अण्णांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"राहू द्या दादा. त्याच्या तारेजवळनं आता कुणी जात न्हाय. पोरं न्हाईत, कुत्रं न्हाय. माझ्याकडं तुमचे येवढे बोर्ड हायेत, तरी सोसायटीवाले काठीनं तार वाकवून आत येत्यात, कचरा टाकत्यात." मग त्यांनी मशीन माझ्याकडे सरकवलं. "हे घ्या परत. मला त्याच्यासारखं जोडून द्या."