थर्मासातली पेज

लग्नाला निघताना बायका आरशासमोर उभ्या राहतात. माझी चुलत सासू, भागीरथीकाकी, गॅससमोर उभी राहते. तांदळाच्या कण्या धुऊन थर्मासात टाकायच्या, वरून खळखळतं पाणी ओतायचं, चिमूटभर मीठ, आल्याचा तुकडा, आणि झाकण घट्ट लावायचं. मग थर्मास पदराखाली मांडीवर घेऊन ती गाडीत बसते आणि डोळे मिटते. गाडी उरणला जावो नाहीतर पेणला, कण्या आतल्या आत शिजत राहतात. उतरेपर्यंत पेज तयार. मांडीवर भात शिजवत अर्धा जिल्हा फिरलेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

काकी शिरवणे गावची धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते, गावोगावच्या देवांना नाव घेऊन मांडवात बोलावते, हळदीला गाते, आणि हे काम घटकाभराचं नसतं. पुढची ओळ काकीने म्हणायची, मागून ती मी ओढायची, अशी आमची वाटणी. नवी नवरी होते तेव्हा एकदा दारात टँकरवाल्याशी भांडत होते. काकीने ते ऐकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "या पोरीचा गला चालंल." झालं. तेव्हापासून मी तिच्या मागे. आता राहते कामोठ्याला, पण लग्नसराई आली की काकीचा फोन येतो आणि मी ऑफिसात नाही नाही त्या आजारांची नावं सांगून रजा काढते.

काकीची सासू पुतळाबाई, तीही धवलारीणच होती. तिने काकीला एक नियम घालून दिला होता. धवले पुरे होईस्तोवर लग्नघरचा घास तोंडात घालायचा नाही. ज्या तोंडात घास गेला त्या तोंडाने पुढची ओळ म्हणायची नाही. यात देवाधर्माचं काही नव्हतं, सगळं पोटाचं होतं. लग्नसराईत आज एक गाव, परवा दुसरं. काकी म्हणते, "रोज येगलं तेल, येगलं पानी. पोट रुसलं का गला रुसतो, अन् गला रुसला का देव मांडवाभाईर उभं." म्हणून पेज. म्हणून घरून उकळून नेलेलं पाणी. सरबत पुढे आलं की ती पेल्याला हात लावून नमस्कार करते आणि पेला माझ्याकडे देते. मागची ओळ म्हणणारीला नियम नाही, त्यामुळे काकीच्या वाटचे पेले, लाडू, वडे, मटण हे सगळं मी मान राखण्यासाठी खात आले. माझं वजन म्हणजे काकीचा मान आहे, असं मी नवऱ्याला सांगते.

धवले संपेपर्यंत पंगती उठलेल्या असतात. टोपात रस्सा उरतो, फोडी गेलेल्या. वाढपी आडवे झालेले. काकी थर्मासाच्या झाकणात उरलेली पेज ओतून पिते आणि गाडीत बसते. एवढी लग्नं लावली बाईने, पण पंगतीत कधी बसली नाही.

तिची इच्छा मात्र तेवढीच होती. "मना एकदा पंगतीत बसाचं हाय," ती परतीच्या वाटेवर पेंगत पेंगत म्हणायची. "मधोमध. वाढनाऱ्याने वाढाचं, मी नको नको म्हनाचं, तरी त्याने वाढाचंच." तिला जेवणाची स्वप्नं पडतात. लोकांना मेलेली माणसं स्वप्नात दिसतात, काकीला वडे दिसतात. एक स्वप्न तर नेहमीचं. खाडीच्या पाण्यावर पंगत बसली आहे, पत्रावळी पाण्यावर हलताहेत, माणसं गुडघाभर पाण्यात मांडी घालून जेवताहेत आणि कुणाचंच काही भिजत नाही. वाढपी एकेक पान करत येतो. तिच्या पानाशी आला की भरती येते आणि पान वाहत जातं. हे ती अशी सांगते की गाडीचा ड्रायव्हरसुद्धा आवंढा गिळतो.

पुढची ओळ मी धरली असती तर ती कधीच जेवली असती. धवले मला पाठ होते, तिने दोन-तीनदा विचारलंही होतं. मी साफ सांगितलं, "काकी, गाईन मी. पण पेजेवर राहणं माझ्याच्याने व्हायचं नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

यंदा अरविंदशेठच्या प्रणयचं लग्न निघालं ते थेट उदयपूरला. तळ्याकाठचं हॉटेल, राजवाड्यासारख्या कमानी, फोटोवाले. अरविंदशेठ शिरवण्यातलाच. म्हणाला, हॉटेल कुठलंही असो, धवला आपला पाहिजे. म्हणून काकी निघाली. थर्मास होताच, शिवाय कण्यांची एक पुरचुंडी आणि पाणी उकळायला किटली.

रेल्वेत आमची वऱ्हाडी मंडळी जी सुटली ती सुटली. प्रत्येक स्टेशनवर काहीतरी डब्यात चढत होतं. कचोऱ्या, भजी, रबडी. मला तर काकीचा मान राखायची इतकी सवय झालेली, की मी कुणी देण्याचीही वाट पाहत नव्हते. काकी खिडकीशी कानावर पदर घेऊन बसली होती. मध्येच एक केळं सोलून खायची, भाजलेले चणे चघळायची, घोट घोट पाणी प्यायची आणि पुन्हा डोळे मिटायची. बाहेर जमीन हळूहळू हिरव्याची पिवळी होत होती. संध्याकाळी हॉटेलात पोचलो तर तुपात बुडवलेल्या बाट्या, गट्ट्याची भाजी, वर बर्फ घातलेलं गुलाबाचं सरबत. मी सगळ्याला न्याय दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा निम्मं वऱ्हाड बाथरूमात होतं आणि उरलेलं बाहेर नंबर लावून उभं. मला तर ताप भरला. कोणती बाटी, कोणतं पाणी, कुणाला ठाऊक. खोलीतल्या मऊ गादीवर मी पडले होते, खिडकीत तळं होतं, आणि तळ्यावरचं ऊन छतावर येऊन हलत होतं. आपण पाण्याच्या आत झोपलो आहोत असं वाटायला लागलं. डोळे मिटले की शिरवण्याची गावदेवी येऊन विचारायची, कुठे ठेवलंय लग्न? मी पत्ता सांगायला जायची आणि पत्ता आठवायचा नाही. मधूनमधून किटलीचा आवाज, झाकण फिरवल्याचा आवाज, आणि भिजल्या तांदळाचा वास यायचा. तो वास आला की मला घरी असल्यासारखं वाटायचं.

काकी दिवसभर खोल्या फिरत होती. कागदी कपात पेज, चवीला मीठ, कोकमाचा तुकडा. "घोट घोट पी. गटागटा नको." अरविंदशेठ दोन उशांवर रेलून लहान मुलासारखा पेज पीत होता असं त्याची बायको शांती सांगत होती. संध्याकाळी काकी माझ्या खोलीत आली. पुरचुंडी उलटी करून तिने झटकली. चार कण्या पडल्या, त्याही तिने वेचून थर्मासात टाकल्या.

"ही तुझी," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मना नको. तू पी. उद्या सकालपर्यंत दुसरं काय तोंडात घालू नको."

मी पेज प्यायले. तशी पेज मी आधी कधी प्यायले नव्हते, किंवा माझी जीभच आधी कधी एवढी रिकामी नव्हती. तांदळाला गोडी असते हे मला त्या दिवशी कळलं. मग गाढ झोपले.

सकाळी उठले तर ताप उतरला होता. अंग हलकं, डोकं धुतल्यासारखं. हळदीची वेळ होत आली होती, म्हणून साडी नेसून खाली हिरवळीवर गेले. तळ्यावर धुकं होतं. पलीकडचा डोंगर होता की नव्हता तेही कळेना. कमानीखाली टेबलं मांडून नाश्ता चालला होता. जी दुखणाईत नव्हती आणि जी बरी झाली होती, ती सगळी खात होती.

त्यांच्या मधोमध भागीरथीकाकी बसली होती. समोर ताट होतं.

मी जागीच थांबले. फेटेवाला वाढपी वाकून म्हणत होता, "और लीजिए माँजी," आणि काकी दोन्ही हात ताटावर आडवे धरून नको नको म्हणत होती, आणि बोटं अशी फाकवली होती की जिलेबी बरोबर मधून खाली पडावी. पडली. काकीने ती उचलली आणि खाल्ली.

शांती धावत आली. नवरदेवाची आई, तिच्या पायाखालची जमीनच सरकली. "काकी, काय केलंस गो! हलद लागाची हाय अजून. धवला कोन म्हनेल?"

काकीचं तोंड भरलेलं होतं. तिने घाई केली नाही. चावून गिळलं, बोटं पुसली आणि माझ्याकडे हनुवटी केली.

"तिच्या पोटात पेज हाय," ती म्हणाली. "कालपास्नं दुसरं काय नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला राग आला, खरंच आला. म्हणजे काल मी आजारी पडलेली हिने बरोबर हेरलं आणि डाव साधला! मग रागाच्या मागोमाग रडू आलं, कारण तिने स्वतः उपाशी राहून शेवटच्या कण्या मला पाजल्या होत्या, आणि आयुष्यभर सांभाळलेली पुढची ओळ एका जिलेबीवर सोडून दिली होती. तिला विचारलं असतं तर तिने एवढंच सांगितलं असतं, की भूक लागली होती.

प्रणयला तिथेच हिरवळीवर पाटावर बसवलं. मी उभी राहिले, शांती आणि तिच्या जावा माझ्या मागे. पहिली ओळ घशातून निघाली ती मलाच परकी वाटली. पातळ, पण स्वच्छ. गावदेवीला बोलावलं. खाडीवरच्या देवाला बोलावलं. इतक्या लांब, धुक्यातून, त्यांना वाट सापडेल का, असं गाताना वाटत होतं. वेशीवरच्या देवांशी आले आणि नाव आठवेना. मी काकीकडे पाहिलं. अशा वेळी ती नुसते ओठ हलवते आणि मला कळतं. पण वाढपी दाल घेऊन तिच्यापाशी आला होता आणि तिने मान वर केली नाही. बाटी चुरत बसली.

नाव मग माझं मला आठवलं. मागून बायकांनी ओळ उचलली. वाऱ्यावर तुपाचा वास येत होता. मला मरणाची भूक लागली होती, आणि अजून निम्म्याहून जास्त देव यायचे होते.