सायक्लोस्टाइलखालची चिठ्ठी

ठाण्याला एका सरकारी कचेरीत एक गृहस्थ जप्त मालाचे कारकून होते. मी शेजारच्याच कचेरीत होतो, म्हणून दुपारचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. चहावरची साय ते काडीनं बाजूला करत आणि कुठल्याही वाक्याला ‘नियमाप्रमाणे’ जोडत. “आज उकडतंय, नियमाप्रमाणे.” मला हसू यायचं, पण त्या माणसाची थोडी धास्तीही वाटायची.

स्वातंत्र्यानंतर पाचेक वर्षांनी त्यांच्या कचेरीनं ‘अंतर्गत सुरक्षेचा इतिहास’ नावाचं प्रदर्शन भरवलं. दरोडेखोरांच्या बंदुका आणि गावठी बॉम्ब यांच्या शेजारी माझ्या भावाचं सायक्लोस्टाइल यंत्र मांडलेलं होतं. बेचाळीस साली तो त्यावर पत्रकं काढायचा. पकडला गेला आणि तुरुंगातच वारला. यंत्राखाली चिठ्ठी होती : ‘घातपाती टोळीचं यंत्र’.

“हे माझ्या भावाचं आहे,” मी त्यांना म्हणालो. “घातपाती कसला हो? डोंबिवलीत मुलांना गणित शिकवायचा तो.”

त्यांनी वाकून चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, “अक्षर माझंच आहे. बेचाळीस साली जप्तीच्या वहीत तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. आता त्यावरूनच उतरवून काढलं. वाचलंसुद्धा नाही.”

त्यांनी मला भावाचं नाव विचारलं आणि तिथंच नवी चिठ्ठी लिहून लावली. नावाखाली लिहिलं, ‘गणिताचे शिक्षक’.

संध्याकाळी साहेब फेरीवर आले. “हे कोणाच्या परवानगीनं?”

“माझ्या,” ते म्हणाले.

आठवड्याच्या आत त्यांची बदली झाली. चिठ्ठी मात्र कोणी काढली नाही. मी आभार मानायला गेलो, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “आभार कसले? दहा वर्षं उशीर झाला.”